सात काजांचा कोट

बडोदे, २० ऑगस्ट २०२३

चि. रसिका,

आशीर्वाद आहेतच. हे पत्र वाचायला बसशील तेव्हा मोजपट्टी हाताशी घेऊन बस, म्हणजे दोनदा वाचावं लागणार नाही.

काल तू फोनवर म्हणालीस की तुमच्या एडमंटनला ऑक्टोबरातच बर्फ सुरू होतो आणि तुझ्या विहंगसाठी दुकानातून कोट आणायचा आहे. आणू नकोस. मी शिवतो. तुझी मामी बाजूलाच भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, बडोद्यात राहून तुम्हांला थंडीतलं काय कळतंय? जानेवारीत चार दिवस मफलर गुंडाळता तेवढंच." कारखान्यात मी साडेतीनशे अंश तापलेल्या नळ्यांवरचे मापक गेली सत्तावीस वर्षं सांभाळतोय. त्यासाठी नळीत शिरून बघावं लागत नाही.

शिवण मी कुणाकडे शिकलो नाही, हे तुला माहीत आहे. उसवून शिकलो. शुक्रवारी बाजारातून जुने विलायती कोट आणायचे, टाक्याटाक्याने सुटे करायचे, कोणता तुकडा कोणत्या तुकड्याच्या आत शिरलाय ते वहीत काढायचं, आणि पुन्हा होता तसा जोडायचा. असे अकरा कोट झाले. अलकापुरीतल्या मोठ्या टेलरकडून शिवून आणलेला माझ्या साडूंचा ब्लेझर मी लांबून पाहून सांगितलं होतं, डावी बाही एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली आहे. साडू चिडले. पट्टी लावली. एक सूतच निघालं.

तर मापं. छाती, आत स्वेटर घालून. खांदा ते खांदा, पाठीकडून. मानेच्या हाडापासून मांडीच्या मध्यापर्यंत उंची. बाही, हात किंचित वाकवून. मनगट. डोक्याचा घेर, डोकं कशाला असं विचारू नकोस, कोटाला टोपी जोडणार आहे. आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस. तिथले आकडे सुप्रभातच्या फुलांखाली बुडतात. कागदावर लिही, खाली सही कर आणि पोस्टात टाक. मी एकच कापड दोनदा कापत नाही.

मामा


एडमंटन, ७ सप्टेंबर २०२३

ती. मामा,

तुम्हांला आणि मामीला नमस्कार. ही मापं, सहीसकट: छाती चोवीस इंच (स्वेटर घालून), खांदा साडेदहा, उंची एकोणीस, बाही चौदा, मनगट साडेपाच, डोकं साडेवीस. सगळी तीनदा घेतली. बाही मात्र दोनदाच, कारण तिसऱ्या वेळी तो पळाला.

त्याचा बालवर्ग परवा सुरू झाला. घरात तोंडाला कुलूप नाही, आणि वर्गात एक शब्द नाही. मी विचारलं, कुणाशी बोललास? म्हणाला, "ते त्यांचं त्यांचं बोलतात." पीयूष म्हणतो, साडेचार वर्षांचं पोर आहे, वेळ दे. देते. शिक्षिका चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, नव्या देशातली मुलं वर्गात बोलत नाहीत, बाहेर खेळताना बोलायला लागतात. थंडी पडली की बघा. इथे शून्याखाली वीसपर्यंत रोज दोनदा मुलांना मैदानात सोडतात. कोट, बूट, हातमोजे सगळं मुलांनी आपापलं घालायचं असतं. मला तर हसूच आलं.

विहंगचा एक निरोप आहे, त्याच्याच शब्दांत लिहिते: "मामाआजोबांना सांग, आत खिसा पाहिजे. बाहेरून दिसला नाही पाहिजे. दगडांसाठी पाहिजे." निघायच्या आदल्या दिवशी कमाटीबागेत उचललेले तीन दगड त्याने इथवर आणले आहेत. विमानतळावर ते आधी बाहेर काढावे लागले होते, तेव्हापासून त्याला गुप्त खिसा हवा आहे.

तुमची,
रसिका


बडोदे, १४ ऑक्टोबर २०२३

चि. रसिका,

उद्या घटस्थापना. कोट आज पोस्टात दिला. सोबतचं हे पत्र आधी वाच, मग कोटाची घडी मोड.

बाहेरून निळसर करडं उनी कापड आहे. त्याच्या आत वारा अडवणारा थर, मग फायबर, आणि सगळ्यांत आत साटीन, म्हणजे स्वेटरची बाही अडकत नाही. लांबीत आणि बाह्यांत दीड-दीड इंच कापड आत दुमडून ठेवलं आहे, पुढच्या हिवाळ्यात सोडता येईल. पुढचे दोन्ही पल्ले एकमेकांवर चार इंच चढतात. आतल्या पल्ल्याला काखेशी दोन नाड्या आहेत, झबल्याला असतात तशा. आधी त्या बांधायच्या आणि मग वरची सात बटणं लावायची. वाऱ्याला आत यायचं असेल तर दोन दारं उघडावी लागतील.

बटणं करवंटीची आहेत. काजं हाताने केली. एका काजाला छत्तीस टाके, सातांना दोनशे बावन्न. मोजून घे, कमी भरले तर कळव. आमच्या शेजारच्या नंदूने विचारलं, "काका, मशीनवर एका मिनिटात काज होतं, मग आठ दिवस कशाला?" मी त्याला मशीनचं काज आणि माझं काज शेजारी ठेवून दाखवलं.

दगडांचा खिसा डाव्या बाजूला अस्तराच्या आत आहे. जीनचं कापड, दुहेरी शिलाई. त्यात पाऊण किलोचं वजन घालून कोट दोन दिवस खुंटीला लटकवला होता. एक टाकाही हलला नाही.

घालायची रीत: विहंगला स्टुलावर उभं कर. हात आडवे. तू समोर बस. नाड्या आधी, मग बटणं खालून वर. वरून खाली लावायला घेतलीस तर हमखास एक चुकतं.

मामीने कोट सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाली, "सरस झालाय हो. पण इतकी बटणं…" मी म्हटलं, पण नको.

घालून झाला की फोटो पाठव. समोरून, पाठीमागून आणि हात वर करून.

मामा


एडमंटन, २० नोव्हेंबर २०२३

ती. मामा,

कोट दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळाला. मापाला इतका बरोबर की पीयूष म्हणाला, मामा इथे येऊन गेले की काय! विहंगने तिन्ही दगड खिशात टाकले, उड्या मारल्या, आणि काहीच वाजलं नाही म्हणून भारी खूश झाला. शिक्षिकांनी काजांवरून बोट फिरवून विचारलं, कोणत्या दुकानातला? मी म्हटलं, दुकानात मिळत नाही.

रोज तोच घालून शाळेत जातो. फोटो फोनवर पाठवलेत. शाळा ठीक. बाकी विशेष काही नाही. मामीला नमस्कार.

रसिका


बडोदे, १० डिसेंबर २०२३

चि. रसिका,

माझ्याकडे आता तू पाठवलेले तीन फोटो जमले आहेत: एक दिवाळीचा, एक नोव्हेंबर अखेरचा, एक परवाचा. मोठे करून शेजारी-शेजारी ठेवून पाहिले.

काजं छान बसली आहेत. नव्या काजाची कड फुगीर असते, रोज बटण लागलं की आठ-दहा दिवसांत चपटी होते. तशी झाली आहे. म्हणजे कोट रोज अंगावर चढतो, हे खरं. पण बाह्यांच्या कडा कोऱ्या आहेत. कोपरावरची लव मी कापड आणलं तेव्हा होती तशीच उभी आहे. खालच्या काठाला महिन्याभरात एक डाग नाही. चार-पाच वर्षांचा मुलगा रोज दोनदा बर्फात लोळून येतो आणि त्याचा कोट असा राहतो, हे मला कुणी पटवून देऊ नये. या कोटात मूल खेळलेलं नाही.

मला कारण कळलं आहे. मामाने एवढं हाताने शिवलं, खराब होईल, म्हणून तू त्याला जपून वापरायला सांगतेस. हे बंद कर. मी देव्हाऱ्यात ठेवायला कोट शिवलेला नाही. मळू दे, घासू दे, फाटू दे. फाटला तर कसा शिवायचा ते मी लिहीन.

मामा


एडमंटन, २८ डिसेंबर २०२३

ती. मामा,

तुमच्यापासून काही लपवता येत नाही, आणि तरी तुम्ही कारण मात्र चुकीचं काढलंत. मी त्याला एकदाही जप म्हटलेलं नाही. आता खरं ते लिहिते.

सकाळी मी त्याला स्टुलावर उभं करून कोट घालते. वर्गात उष्णता असते, म्हणून शाळेत पोचल्यावर मुलं कोट काढून आपापल्या खुंटीला अडकवतात. मग बाहेर जायची वेळ झाली की एकोणीस मुलं आपापले कोट चढवतात, चेन ओढतात आणि पळतात. विहंगला नाड्या बांधता येत नाहीत. बटणं, तीही सात, त्याच्या बोटांना जमत नाहीत. हातमोजे घातल्यावर तर मलाही जमत नाहीत. शिक्षिका एक आणि मदतनीस एक. त्यांनी सुरुवातीला घालून दिला, पण तोवर खेळायच्या पंधरा मिनिटांतली नऊ संपलेली असत आणि बाकीची मुलं दारात उभी राहून बघत असत. त्यानंतर तोच म्हणायला लागला, "मला बाहेर नाही जायचं." महिनाभर तो खुंट्यांखालच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसून राहतो. अजून कुणाशी एक शब्द बोललेला नाही. जिथे बोलायला लागेल असं शिक्षिका म्हणाल्या होत्या, तिथे तो पोचतच नाही.

मी दुकानातून चेनचा कोट आणला. अंगाला लावू देईना, त्याला गुप्त खिसा नव्हता. म्हणून मी हाताने खिसा लावला. पहिल्याच दिवशी तो दगडांसकट सुटून शाळेच्या जिन्यावर पडला. तेव्हापासून त्या कोटाचं नाव काढलं की रडतो.

मी आधी लिहिलं नाही, कारण तुम्ही दोनशे बावन्न टाके मोजले होते. रागावू नका.

रसिका


बडोदे, १७ जानेवारी २०२४

चि. रसिका,

तुझं पत्र नऊ तारखेला मिळालं. उत्तर त्याच दिवशी लिहिलं होतं. त्यात आधी शाळेची चूक काढली होती, मग तुझी, आणि शेवटी एकंदर कॅनडाची. ते पाठवण्यासारखं नव्हतं.

चौदा तारखेला उत्तरायण झालं. दरवर्षीप्रमाणे मांजा कापू नये म्हणून सकाळीच दोन्ही हातांच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून गच्चीवर गेलो. अकराच्या सुमारास ऊन चढलं आणि अंगातलं जाकीट काढावंसं वाटलं. पाच बटणं. पहिलंच निघेना. पतंग नंदूकडे दिला आणि दोन्ही हातांनी प्रयत्न केला. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि बोटाखालून निसटायचं. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून आरोळी, "काइपो छे!" माझाच पतंग कटला होता. नंदू म्हणाला, "काका, तुमचं लक्ष क्यां छे?" शेवटी खाली जाऊन मामीसमोर उभा राहिलो. तिने हातातला चिक्कीचा डबा ठेवला, एकेक बटण काढलं आणि म्हणाली, "हात आडवे करा. स्टूल आणू का?"

मी जाकीट तिथेच टाकलं आणि तुझं सप्टेंबरचं पत्र काढलं. वाक्य त्यात आहे. "सगळं मुलांनी आपापलं घालायचं असतं." मापांभोवती मी लाल शाईने चौकट केली आहे. या वाक्याभोवती काही नाही. मला माझ्या आईने सात वर्षांचा होईपर्यंत कपडे घातले. मुलाचे कपडे दुसरं कुणीतरी घालतं, हे मी धरूनच चाललो. मी हात पसरून उभ्या राहणाऱ्या मुलासाठी कोट शिवला. शिलाईत चूक नाही. शिवणाऱ्याची आहे.

आता पुढचं. कारखान्यातले कातडी हातमोजे घालून तीन दिवस प्रयोग केले. वेल्क्रो बाद: उनी कापडाची लव धरतं, पंधरा दिवसांत चिकटायचं थांबेल. खालून सुटी होणारी चेन बाद: टोक खाचेत बसवायला मला चौदा प्रयत्न लागले. मग सुचलं की चेन खाली सुटायलाच कशाला हवी? खालचे सात इंच कायमचे बंद ठेवायचे, वरचे बारा उघडे. कोट जमिनीवर पालथा टाकायचा, खालची कड आपल्याकडे, तंबूत शिरल्यासारखं आत शिरायचं आणि उभं राहायचं. चेनीला पडद्याची लाकडी कडी लावली आहे. हातमोज्यातला अंगठा तिच्यात घालून वर ओढलं की झालं. खात्रीसाठी जुन्या चादरीचा माझ्या मापाचा एक शिवला आणि दिवाणखान्याच्या फरशीवर बारा वेळा आत शिरलो. सरासरी अठरा सेकंद. मामीने त्याचा व्हिडिओ काढला आहे. तो तुला येईल. उघडू नकोस.

कोट इकडे पाठवू नकोस. जाण्यायेण्यात हिवाळा संपेल, आणि मुलगा तो हातातून सोडणारही नाही. हे तू करायचंस.

पाकिटात चेन आहे, दोन्ही बाजूंना कापडाच्या पट्ट्या जोडलेली आणि खाली बंद केलेली. दोन कागदी पट्ट्या आहेत, एकीवर "डावा" आणि एकीवर "उजवा" लिहिलं आहे. डाव्या पल्ल्याच्या काठाला कागद लावून खडूने रेघ मार. काज उसवता येत नाही, त्याच्या पोटातलं कापड आधीच कापलेलं असतं. म्हणून काजांची पट्टीच काढून टाकायची. मोठी कात्री घे आणि खालून वर एका दमात चालव. सातही. मध्येच दया येऊन थांबलीस तर कड दातरी होईल. उजव्या पल्ल्यावरची बटणं पट्टीसकट जातील. नाड्या मुळाशी काप. मग लाल खुणेवर लाल खूण ठेवून हाताने उलटी टीप घाल, एका इंचात दहा टाके.

तू आठवीत असताना माझ्या कात्रीने वहीचं कव्हर कापलंस म्हणून मी तुला महिनाभर मशीनजवळ येऊ दिलं नव्हतं. ते मनातून काढ. हात थरथरला तर थरथरू दे. कात्री जड असते, ती सरळ जाते.

कापलेल्या पट्ट्या ठेवू नकोस.

मामा


एडमंटन, १२ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

पाकीट दोन तारखेला मिळालं. व्हिडिओ उघडला. तीनदा.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, विहंगला समोर बसवून सांगितलं. त्याने खिशातले दगड काढून वाटीत ठेवले आणि म्हणाला, "आई, तू कापणार? तुला तर खिसाही लावता येत नाही."

"मामाआजोबांनी सांगितलंय."

"मग काप."

खडूची रेघ मारली, कात्री लावली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. पीयूष म्हणाला, मी कापू का? मी म्हटलं, तुझं नाव पत्रात नाही. मग कापलं. एका दमात. सातवं काज गेल्यावरच थांबले. शिवायला शनिवार आणि रविवार दोन्ही लागले. इंचाला दहा टाके काही ठिकाणी सात झालेत. बोटाला चार ठिकाणी सुई लागली आहे.

रविवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर वीस वेळा तंबूत शिरला. पहिल्यांदा डोकं बाहीत गेलं. आठव्यांदा कडी वर गेली. त्यानंतर मी मदतीला हात पुढे केला की ओरडायचा, "नको ना, मी!"

सोमवारी दुपारी न्यायला गेले तर शिक्षिका दारातच उभ्या होत्या. तो पाचव्या नंबरावर बाहेर पडला म्हणे. आज मी मुद्दाम लवकर गेले आणि कुंपणापाशी गाडीत बसून राहिले. बर्फाच्या उतारावर रांग लागली होती. एक मोठा मुलगा मध्ये घुसला. विहंगने त्याची बाही धरली आणि केवढ्यांदा म्हणाला, "ए, माझा नंबर आहे!" मराठीत. त्या मुलाला शब्द कळला नसणार, पण तो मागे सरला. मग ते दोघं एकाच घसरपाटीवर बसून खाली आले, आणि खाली पोचल्यावर तो मुलगाही ओरडत होता, "माजा नंबर! माजा नंबर!"

मी गाडीत बसून रडले. पीयूषला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगतेय.

शिवणीचा फोटो पाठवलाय. काय म्हणाल ते म्हणा.

आणि एक. शाळेतून परत चिठ्ठी आली आहे. पूर्वी तक्रार होती की विहंग बाहेर जात नाही. आता लिहिलंय की घंटा झाल्यावर विहंग आत येत नाही, त्याला शोधून आणावं लागतं, पालकांनी समज द्यावी. यावर काय करू?

रसिका


बडोदे, २८ फेब्रुवारी २०२४

चि. रसिका,

शिवणीचा फोटो पाहिला. कात्री सरळ गेली आहे. टीप खालून पाचव्या इंचाशी एक सूत बाहेर भटकली आहे आणि तिथून तीन इंच टाके विरळ आहेत. पहिल्या शिवणीला हे चालतं. माझी पहिली याहून वाईट होती, ती मी कुणाला दाखवलेली नाही. उसवायला घेऊ नकोस. कोट त्याच्या अंगावर आहे तोवर तो माझाही नाही आणि तुझाही नाही.

समज कसली देतेस? शून्याखाली पंधरा अंशांत, घंटा झाल्यावरसुद्धा मुलगा आत यायला तयार नाही, असं शाळा लेखी कळवते आहे. ती चिठ्ठी फाडू नकोस. शिक्षिकांची सही आणि तारीख आहे ना ते बघ आणि मूळ प्रत मला पोस्टाने पाठव. फोटो चालणार नाही.

मामा